गरज किती सांगावी?

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबातील मुलगी एका संध्याकाळी हातात कागद घेऊन आली. ती येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेते. एका विश्वस्तनिधीच्या शिष्यवृत्तीसाठी तिला अर्ज करावयाचा होता. सरकारी नोकरीत माझे आयुष्य अर्ज वाचण्यात गेले. तेव्हा अर्ज लिहिण्याच्या कामी माझा उपयोग होईल, असे तिला वाटणे स्वाभाविक होते. अर्ज गुजरातीत होता. नाव, पत्ता, गुण, उत्पन्न हे रकाने तिने भरलेलेच होते. अडले होते ते शेवटच्या रकान्यापाशी. ‘आपल्या कौटुंबिक परिस्थितीचे सविस्तर वर्णन करा,’ असा तो रकाना होता आणि त्याखाली दीड पान कोरे सोडले होते.

तिने मला विचारले, “काका, सविस्तर म्हणजे किती?”

मी सवयीने म्हणालो, “जितके जास्त लिहिशील तितके चांगले.”

तिने एक कच्चा मजकूर केला होता. तो मी वाचला. त्यातील तिसरा परिच्छेद तिच्या वडिलांविषयी होता. अर्जाच्या तळाशी, डाव्या बाजूला, ‘पालकाची सही’ अशी ओळ होती. ती म्हणाली, “हे लिहिलेले सगळे खरे आहे. पण बाबांनी हे वाचायचे आणि खाली सही करायची, हे मला जमत नाहीये.”

त्या घरची हकीकत मी येथे सांगणार नाही. तिने मला आपला प्रश्न लोकांपुढे मांडण्याची परवानगी दिली आहे, परिस्थिती मांडण्याची नाही. आणि ती मांडली तर हा लेख ज्या गोष्टीसाठी लिहीत आहे, तिच्याच विरुद्ध मी वागलो असे होईल. प्रश्न एवढाच की, ज्याला शिकण्यासाठी मदत हवी आहे, त्याने आपली गरज किती सांगावी? आणि देणाऱ्याला किती विचारण्याचा अधिकार आहे?

हा प्रश्न कोणत्याही गरजू विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. परंतु समाजकार्याच्या विद्यार्थ्यापुढे तो अधिक टोकदार होऊन येतो. या अभ्यासक्रमात आठवड्याचे काही दिवस क्षेत्रकार्यासाठी जावे लागते. कधी वस्तीत, कधी रुग्णालयात, कधी बालगृहात. त्यामुळे दुपारी कोठे नोकरी धरून फी भरावी, ही वाट बहुधा बंद असते. शिवाय बस-रिक्षाचे भाडे स्वतःच्या खिशातून जाते. म्हणजे गरज खरी आणि ठळक असते. परंतु हेच विद्यार्थी वर्गात काय शिकतात? मदत मागायला आलेल्या माणसाची गोष्ट ही त्याची मालमत्ता आहे, ती त्याच्या संमतीवाचून उघड करायची नाही, त्याच्याविषयी निवाडा करायचा नाही, आणि आपल्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा त्याचा अधिकार मान्य करायचा. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्याची जी सात तत्त्वे मांडली, त्यांत गोपनीयता आणि आत्मनिर्णय ही दोन तत्त्वे आहेत, आणि समाजकार्याच्या वर्गांतून ती वर्षानुवर्षे शिकविली जात आहेत. सकाळी हे शिकून आलेल्या मुलीला संध्याकाळी स्वतःचीच ‘केस’ लिहावयास बसवले जाते, आणि तिथे मात्र गोपनीयता नसते, निवाडाही टळत नाही. ती मला म्हणाली, “वस्तीत मी कोणाला असे विचारले असते, तर आमच्या मॅडमनी माझा अहवाल परत केला असता.”

या विसंगतीचे मूळ जुने आहे. समाजकार्य हा व्यवसायच मुळी मदतीच्या अर्जांच्या छाननीतून जन्मला. १८६९ साली लंडनमध्ये ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. दानधर्म विस्कळीतपणे होतो, एकच मनुष्य चार ठिकाणी मागतो, तेव्हा चौकशी करून मगच द्यावे, हे तिचे धोरण. तिचे कार्यकर्ते घरोघर जात आणि ‘पात्र’ गरीब कोण व ‘अपात्र’ गरीब कोण हे ठरवीत. अमेरिकेत हीच चळवळ पसरली आणि चौकशी करणाऱ्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे म्हणून १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाले. त्यांतूनच पुढे समाजकार्याची विद्यालये निर्माण झाली. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे विद्यालय निघाले. आरंभी ज्यांना केवळ पारख करायची होती, त्यांना गरिबांच्या घरात जाऊन हळूहळू उमगले की, दारिद्र्य हा बहुतेक वेळा माणसाचा दोष नसतो, आणि चौकशी करण्याच्या रीतीनेही माणूस जखमी होतो. बीस्टेक यांची तत्त्वे म्हणजे या शहाणपणाचे सार. व्यवसाय शहाणा झाला. अर्जाचा रकाना मात्र १८६९ सालातच राहिला.

बडोद्याच्या वाचकाला या विषयावर विचार करताना आपल्या शहरातीलच एक उदाहरण आठवल्यावाचून राहणार नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्यापूर्वीही एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे व्हावे म्हणून महाराजांनी त्यांना दरमहा पंचवीस रुपये दिले होते. आधुनिक भारताच्या इतिहासात इतके फळलेले दुसरे विद्यावेतन क्वचितच सापडेल.

या प्रकरणात माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, आरंभी त्या विद्यार्थ्याची गरज त्याने स्वतः सांगितलेली नव्हती. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याला ओळखले होते, त्यांनी महाराजांकडे शब्द टाकला. गुणांची साक्ष गुरूने दिली. गरजेचे वर्णन शिष्याला करावे लागले नाही. दुसरी गोष्ट कराराची. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असे त्या विद्यार्थ्याने लिहून दिले होते. ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. प्रजेच्या पैशातून शिकलेल्या माणसाने प्रजेच्या कामी यावे, हा रोखठोक व्यवहार होता आणि तो कागदावर होता. कृतज्ञतेची अस्पष्ट अपेक्षा ठेवण्यापेक्षा असा स्पष्ट करार मला अधिक सभ्य वाटतो.

तिसरी गोष्ट मात्र आपल्याला खाली मान घालावयास लावणारी आहे. १९१७ साली करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव धारण करून ते एका पारशी सरायमध्ये उतरले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेल्या पारश्यांनी त्यांना तेथून बाहेर काढले. हिंदू मित्राने टाळले, ख्रिस्ती मित्रानेही टाळले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. ती जागा आता ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते आणि दर सप्टेंबरात तेथे दूरदूरचे लोक येतात. संस्थानाने दहा वर्षांची सेवा मागितली होती. शहराला त्यांना एक पंधरवडाही राहू देता आले नाही. करार मोडला, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने तो कोणी मोडला याचाही विचार करावा. पैसे दिले म्हणजे देणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही, हे मी या घटनेवरून शिकलो.

आता कोणी म्हणेल, मग जुनी रीतच चांगली. गुरूने ओळखावे, राजाने द्यावे, विद्यार्थ्याने अर्जच करू नये. या म्हणण्यात मोह आहे, पण ते खरे नाही. केळुसकर गुरुजी सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. त्या काळी बडोदे राज्यात गुणी आणि गरजू मुले किती असतील, आणि त्यांच्यापैकी कितींसाठी राजवाड्यात शब्द टाकणारे कोणी होते? ओळखीवर चालणारी उदारता कितीही मनःपूर्वक असली, तरी ती ओळख नसणाऱ्यावर अन्याय करते. हे ज्याने सर्वांत नीट जाणले, तो तोच शिष्यवृत्तीधारक होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद व्हावी अशी मागणी होती; आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. ती आजतागायत चालू आहे. एका राजाच्या प्रसादावर शिकलेल्या माणसाने पुढच्या मुलांसाठी प्रसादाऐवजी नियम मागितला. त्यांना राजवाड्यात ओळख लागणार नाही, अर्ज पुरेल, अशी ती व्यवस्था.

म्हणून अर्ज या वस्तूविषयी माझ्या मनात आदर आहे. चाळीस वर्षांच्या नोकरीत अर्जाची थट्टा मी पुष्कळ ऐकली, पण अर्ज म्हणजे ज्याला केळुसकर गुरुजी भेटले नाहीत, त्याचे केळुसकर गुरुजी. त्याला चेहरा दिसत नाही, आडनावाची भुरळ पडत नाही. निदान पडू नये अशी अपेक्षा आहे. परंतु हे केव्हा? अर्ज नियमावर चालेल तेव्हा. ज्या क्षणी त्यात ‘सविस्तर वर्णन करा’ हा रकाना येतो, त्या क्षणी नियम मागे पडतो आणि राजाचा दरबार पुन्हा भरतो. फरक एवढाच की, शब्द टाकायला गुरुजी नसतात, विद्यार्थ्याला स्वतःच आपल्या दुःखाची वकिली करावी लागते.

हे मी कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. हा अपराध मी स्वतः केला आहे. नव्वदच्या दशकात एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना, एका स्थानिक निधीतून होणाऱ्या शैक्षणिक मदतीच्या निवड समितीवर मी सदस्य होतो. एक जागा आणि दोन अर्ज उरले. दोघांचे गुण जवळपास सारखे, दोघांचे उत्पन्नाचे दाखले मामलतदारांचे, दोन्ही खरे. एकाने चार पाने लिहिली होती. ती वाचताना आमच्यातील एका सदस्याचे डोळे भरून आले. दुसऱ्याने पाच ओळी लिहिल्या होत्या. आम्ही दोघांनाही बोलावले. पाच ओळीवाल्याला मी विचारले, “तुझी अडचण काय आहे ते जरा सांग.” तो उभ्या उभ्याच म्हणाला, “साहेब, दाखला जोडला आहे.” मी पुन्हा विचारले, त्याने पुन्हा तेच सांगितले. आवाजात उर्मटपणा नव्हता. तो मी ऐकला. बाहेर गेल्यावर मीच म्हणालो, “याला गरज दिसत नाही.” मदत दुसऱ्याला गेली.

ज्याला मदत मिळाली, तोही गरजू होता. त्याचा एक शब्दही खोटा नव्हता. तेव्हा आम्ही अपात्र माणसाला पैसे दिले, असे नाही. आमची चूक निराळी होती. दाखला पुरेसा असताना आम्ही त्याच्यापलीकडे काहीतरी मागत होतो, आणि ते काय होते हे आज मला लख्ख दिसते. आम्हाला दयाळू असल्याचा अनुभव हवा होता. चार पानांनी तो दिला, पाच ओळींनी दिला नाही. म्हणजे घेणाऱ्याने आधी आम्हाला काही द्यावे, मग आम्ही त्याला देऊ, असा तो सौदा होता. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याचा प्रयत्नही मी त्या वेळी केला नाही.

आपल्या परंपरेत दानाचा विचार बारकाईने झाला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत देश, काळ आणि पात्र पाहावे असे आहे. परंतु त्याच ठिकाणी, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला द्यावे, असेही आहे. आपण ‘पात्र’ हा शब्द तेवढा उचलला आणि परतफेडीविषयीचे कलम सोडून दिले. अश्रू हीदेखील परतफेडच आहे, आणि वार्षिक समारंभात व्यासपीठावर उभे राहून केलेले आभारप्रदर्शनही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली लिहिलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात जवळपास हेच सांगितले आहे. देणाऱ्याने असे वागावे की, घेणाऱ्याने ते स्वीकारून आपल्यालाच उपकृत केले. ते न साधले तर निदान गुपचूप द्यावे. ही भाबडी सूचना नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड मदतीच्या क्षणी आपोआप तयार होते. ती मोडण्याचे काम देणाऱ्याचे आहे, कारण घेणाऱ्याला ते करता येत नाही.

याला दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, पैसा थोडा आणि मागणारे पुष्कळ. शिवाय खोटे दाखले आणणारेही असतात. मी ते पाहिले आहेत. चौकशी केल्यावाचून पैसे वाटणे म्हणजे खऱ्या गरजूच्या तोंडचा घास काढणे होय. हे मला पूर्ण मान्य आहे. पुरावा मागण्याचा अधिकार देणाऱ्याला आहेच, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. पण खोटे दाखले पकडायचे तर तलाट्याकडे चौकशी करावी, घरी जाऊन यावे, कागद तपासावेत. ‘सविस्तर वर्णना’ने खोटेपणा पकडला जात नाही, उलट त्याला उत्तेजन मिळते. या मुलीच्या एका मैत्रिणीने तिला अगदी सद्भावनेने सल्ला दिला होता की, थोडे वाढवून लिही, सगळेच लिहितात. पुरावा आणि प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मागणे न्याय्य आहे, दुसरी मागणे नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपली परिस्थिती सांगण्यात लाज कसली? गरिबी हा गुन्हा नाही. मग ती उघडपणे सांगावी. हाही विचार उदात्त आहे. स्वतः आंबेडकरांनी बडोद्यातील त्या अकरा दिवसांची हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात विस्ताराने लिहिली, आणि आज आपण ती वाचतो. खरे आहे, पण त्यांनी ती केव्हा, कोणासाठी आणि कशासाठी लिहावी, हे त्यांनी ठरवले होते. त्यांना कोणाकडून काही मिळवावयाचे नव्हते. आपण होऊन सांगणे आणि सांगावे लागणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे देणगी आणि दंड यांत आहे. शिवाय या मुलीच्या अर्जात एकट्या तिची गोष्ट नव्हती. त्यात तिच्या वडिलांची गोष्ट होती, आणि ती सांगण्याचा अधिकार तिला तरी कितपत होता?

बडोद्याचे हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या काळात समाजकार्याची विद्याशाखा सुरू झाली. तेव्हा कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. आंबेडकर १९१७ साली येथे आले, तेव्हा दिवाणपदी असलेल्या मनुभाई मेहतांच्या त्या कन्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना त्यांनी आग्रह धरला म्हणून जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी तो जाहीरनामा मंजूर झाला. त्या कलमात हक्कांच्या बरोबरीने, किंबहुना हक्कांच्या आधी, प्रतिष्ठा हा शब्द येतो. त्यांच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीने प्रतिष्ठा बाहेर ठेवून मग हक्क मागावयास यावे, हे मला विचित्र वाटते.

आता घेणाऱ्याचे कर्तव्य. ते नाही असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे तीन ऋणांची कल्पना आहे. त्यांतील ऋषिऋणाचे वैशिष्ट्य असे की, ते ज्याचे घेतले त्याला परत करता येत नाही. ज्या ऋषींनी विद्या दिली, ते केव्हाच गेलेले असतात. ते फेडण्याचा मार्ग एकच, स्वतः शिकावे आणि पुढच्याला शिकवावे. शिष्यवृत्तीचे ऋण मला याच जातीचे वाटते. ते मागे न वळता पुढे जाते. आंबेडकरांनी सयाजीरावांचे ऋण बडोद्यात दहा वर्षे नोकरी करून फेडले नाही. १९४४ च्या योजनेने फेडले. आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तर ते फेडण्याची संधी रोज मिळणार आहे, कारण उद्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर तोच बसेल. त्याच्यासमोर कोणी ‘दाखला जोडला आहे’ एवढेच म्हणून गप्प उभे राहिले, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला कळला पाहिजे. मला तो कळला नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तो रकाना पुन्हा लिहिला. घरात माणसे किती, मिळवणारे किती, वार्षिक उत्पन्न किती, फी किती, क्षेत्रकार्याला जाण्यायेण्याचा महिन्याचा खर्च किती. सहा ओळी झाल्या. सातव्या ओळीत, पदवीनंतर कोणते काम करण्याचा विचार आहे, ते तिने लिहिले. दीड पानातले बरेचसे पान कोरे राहिले. मी तिला स्पष्ट सांगितले की, एवढ्याने शिष्यवृत्ती हुकूही शकते. समितीवर माझ्यासारखेच कोणी असेल. ती म्हणाली, “असू दे काका. मग दुसरीकडे अर्ज करीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून परतल्यावर तिच्या वडिलांनी तो अर्ज वाचून पाहिला आणि सही केली. निकाल अजून लागलेला नाही.